हिंदूमामानं बांधलेली गाडी

"शेपूट हलवालीया," इंद्रजित म्हणाला. अजून हेल्मेटही काढलं नव्हतं, नुसती काच वर केली होती.

"किती वेगाला?" मी विचारलं.

"दीडशेपर्यंत साळसूद. त्याच्या वर गेलो की कुणीतरी मागनं सीट धरून डावी-उजवीकडं ओढालंय असं वाटतंय. सावकाश, पण थांबत न्हाई."

"आणि हँडल?"

"हँडल गप आहे."

हिंदूमामा गाडीच्या पलीकडे उकिडवा बसून साखळी बघत होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "भ्या वाटलं का रं?"

"कशाचं?" इंद्रजित हसला. "तू बांधलेली गाडी, मामा. लय तर लय, नाचंल थोडी."

लढाईच्या काळात बांधलेली आणि मग टाकून दिलेली ती विमानाची धावपट्टी दिंडेमाळावर होती. वर्षातून एकदा तिथं शर्यत व्हायची. पट्टीच्या दोन्ही अंगांना वाळकं गवत, मध्ये तडे गेलेलं काँक्रीट, आणि वारा असा की तंबूची कनात दिवसभर बडवत राहायची. आम्ही कोल्हापूरहून टेम्पोत गाडी घालून गुरुवारी आलो होतो. शर्यत रविवारी. आम्ही म्हणजे तिघं: गाडी चालवणारा माझा धाकटा भाऊ इंद्रजित, गाडी बांधणारा आमचा हिंदूराव मामा, आणि मामाच्या गॅरेजात लहानपणापासून पान्हे उचलून देता देता मिस्त्री झालेली मी, वैजयंता. बाईमाणसाला मिस्त्रीण म्हणायचं की मिस्त्री, यावर आमच्या गॅरेजच्या वस्तीत, उद्यमनगरात, बराच खल झाला होता. मी म्हणायचे, काय म्हणायचं ते म्हणा, पण गाडी माझ्या हातात दिल्यावर चहाला जा, डोक्यावर उभं राहू नका.

वडील गेले तेव्हा इंद्रजित दुसरीत होता. त्याला सायकल मामानं शिकवली, मोटरसायकल मामानं शिकवली आणि शर्यतीच्या गाडीवर पहिल्यांदा बसवला तोही मामानंच. आमच्यात शर्यतीच्या दिवसाची एक रीत होती. मी सगळे नटबोल्ट आवळायचे, मग मामा शेवटचा हात फिरवायचा, आणि "चल" म्हणायचा. मामानं "चल" म्हटल्याशिवाय इंद्रजित गिअर टाकत नसे. म्हटल्यावर मात्र मागं वळून बघत नसे.

गाडी सावकाश झुलायला लागली की दोष मागच्या बाजूला शोधायचा. मागचं टायर, मागचं चाक धरणारा लोखंडी फाटा, नाहीतर चाकाची ओळ. हँडल भराभर फडफडायला लागलं तर दोष पुढं. हे मला मामानंच शिकवलेलं. मी मागच्या टायरची हवा मोजली. कमी निघाली, बरीच कमी.

"सकाळी मी भरली होती," मी म्हणाले.

"व्हॉल्व्ह गळत असंल," मामा म्हणाला.

मी बोटावर थुंकी घेऊन व्हॉल्व्हला लावली. बुडबुडा आला नाही. पुन्हा लावली, तरी आला नाही. टायर पाण्यानं पुसून सगळीकडं कान लावला. हवा कुठूनच जात नव्हती. "भूत प्यालं वाटतं हवा," मी म्हणाले आणि भरली. मामा परत साखळी बघायला लागला. एरवी अशा वेळी तो मला चार शिव्या घालून स्वतः सगळं उघडून बघायचा. मला वाटलं, प्रवासानं दमला असेल.

दुपारी इंद्रजित पुन्हा पट्टीवर गेला आणि लगेच परत आला. या वेळी मात्र त्यानं हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं आणि दोन्ही मनगटं चोळली.

"शेपूट गप झालं. आता हँडल फडफडालंय. पट्टीच्या शेवटी ब्रेक मारला की असं," आणि त्यानं दोन्ही हात पुढं धरून थरथरवून दाखवले.

"भ्या वाटलं?" मामानं विचारलं.

"मामा, तू सारखं सारखं हे काय विचारालाईस?"

"सहज."

पुढचं चाक उचलून मी दोन्ही फाटे धरून पुढंमागं हलवले. हँडलच्या बुडाशी जो मोठा नट असतो, ज्याच्यावर सगळा पुढचा भाग फिरतो, तिथं टक असा आवाज झाला. नट ढिला होता. मी तो बुधवारी गॅरेजात स्वतः आवळला होता आणि मामानं वरून बघितला होता. नवीन बेअरिंग बसलं की नट थोडा सैल पडतो, हे खरं. पण ते बेअरिंग नवीन नव्हतं. मी मामाकडं बघितलं. तो तंबूच्या दाराकडं तोंड करून तंबाखू मळत होता.

शुक्रवारी सकाळी पुन्हा शेपूट.

आता मी दोरी काढली. मागच्या चाकाला दोरी वेढून दोन्ही बाजूंनी ताणून पुढच्या चाकापर्यंत न्यायची आणि फट बघायची. दोन्हीकडं सारखी असली तर चाकं एका ओळीत. आदल्या संध्याकाळी मी अशीच दोरी लावून ओळ बघितली होती आणि ती केसाइतकीही चुकली नव्हती. आता डावीकडं बोट जात होतं आणि उजवीकडं दोरी टायरला घासत होती. मागचं चाक तिरकं बसलं होतं.

मी दोरी हातात तशीच धरून बसून राहिले. मला खरोखरच भीती वाटली. बिघाड एका जागी राहतो आणि वाढत जातो. मागून पुढं आणि पुढून मागं असा हिंडत नाही. हिंडतो तो माणूस.

"मामा, कुणीतरी हात लावालंय गाडीला."

"कोण लावंल?"

"तेच विचारतो मी. तंबूत कोण येतं?" (आमच्याकडं बायकासुद्धा मी येतो, मी जातो असंच बोलतात. पुण्याच्या माझ्या जावांना अजून हसू येतं.)

"कोण न्हाई येत. मी असतोय की हितं. तुम्ही जेवायला जाता, मी राखतोय."

"मग?"

"मग काय? जुनी गाडी हाय. थकल्या." तो उठला. "जित्याला सांग, यंदा जाऊ दे. पुढच्या साली बघू."

"तूच सांग की. तुझं ऐकतो तो."

मामानं तोंडातली तंबाखू थुंकली आणि तो बाहेर वाऱ्यात जाऊन उभा राहिला.

इंद्रजितला मी सांगून बघितलं. तो टेम्पोच्या फाळक्यावर बसून केळं खात होता. "अगं, वेळ बघितलास का माझा? प्रत्येक फेरीला कमी येतोय. गाडी हलते म्हणून मी हळू जात न्हाई. मामा हाय ना मागं? एक काम कर, डँपर आवळ. म्हणजे फडफड कळायचीच न्हाई."

डँपर म्हणजे हँडलला लावलेला छोटा दांडा. तो आवळला की हँडल जड होतं आणि बारीकसारीक थरथर हाताला जाणवत नाही. मामाचं यावर ठाम मत होतं. तो म्हणायचा, ताप आला म्हणून थर्मामीटर फोडून टाकण्यातला प्रकार आहे हा. थरथर जात नाही, फक्त समजत नाही. आणि जेव्हा समजते तेव्हा वेळ गेलेली असते.

"डँपरला हात लावायचा न्हाई," मामा मागून इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या तंबूतले लोक बघायला लागले.

"बरं बाबा, न्हाई लावत," इंद्रजित म्हणाला. आणि मला डोळा मारला.

त्या दुपारी मी माझ्या पिशवीतली नेलपॉलिशची बाटली काढली. लालभडक रंग होता, चुलतबहिणीच्या लग्नासाठी घेतलेला. महत्त्वाच्या प्रत्येक नटावर, नट आणि खालचं लोखंड दोन्हीवर जाईल अशी एक बारीक रेघ ओढली. आतल्या बाजूनं, वाकून बघितल्याशिवाय दिसणार नाही अशी. नट जरा जरी फिरला तर रेघ तुटते. मग इंद्रजितला घेऊन जेवायला गेले. परत आल्यावर वाकून बघितलं. मागच्या फाट्याच्या नटावरची रेघ तुटली होती.

तंबूत मामाशिवाय कुणीच नव्हतं.

मी तो नट आवळला आणि कुणालाच काही बोलले नाही. बोलायला हवं होतं हे मान्य, पण ज्या माणसाच्या हाताखाली मी पान्हा धरायला शिकले, त्याच्याबद्दल मनात आलेलं माझं मलाच सहन होत नव्हतं. अजून एकदा बघू, असं ठरवलं.

शनिवारी शेवटचा सराव होता. मी इंद्रजितला जेवायला पाठवलं, स्वतः निम्म्या वाटेतून परतले आणि कनात बाजूला केली. मामा पुढच्या चाकाशी गुडघ्यावर बसला होता. मोठा पान्हा हँडलच्या बुडाशी लावलेला. तो नट अगदी जपून, डोळे मिटून फिरवत होता. किती ढिला झाला ते बोटांनी मोजत होता. मी आयुष्यात त्याला इतकं मन लावून काम करताना बघितलं नव्हतं.

"मामा!"

त्यानं पान्हा खाली ठेवला. पळाला नाही, लपवलं नाही.

मी त्याचा दंड धरून त्याला तंबूच्या मागं ओढत नेलं. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. मी रागावले की माझ्या तोंडाला लगाम राहत नाही, आणि त्या दिवशी तर मी रडतही होते.

"मरंल तो! तुझा भाचा आहे, मामा. मरंल तो!"

"न्हाई मरणार," मामा म्हणाला. "किती ढिलं करायचं ते मला ठावं हाय. गाडी हलंल, पडणार न्हाई. एवढंच करतोय."

"पण का?"

तो गवतात खाली बसला. मग म्हणाला, "भाऊबीजेला आक्कानं ओवाळलं मला. ओवाळणी घातली तर घीना. म्हणाली, हिंदू, पैसा नको, लुगडं नको. माझ्या पोराला त्या गाडीवरनं खाली उतरव. एवढीच ओवाळणी घाल."

आक्का म्हणजे आमची आई. त्याच वर्षी पावसाळ्याआधी इंद्रजितचा मित्र सुजित बाबर शर्यतीत पडून गेला होता. आई त्याच्या घरी जाऊन आली आणि त्यानंतर तिनं इंद्रजितच्या गाडीचं नावसुद्धा काढलं नव्हतं. आम्हाला वाटलं होतं, विसरली.

"मग सरळ सांगायचं त्याला, उतर म्हणून."

"कुठल्या तोंडानं सांगू? मीच बसवला त्याला. आणि ऐकेल गं तो माझं. ऐकेल आणि जलमभर माझ्याकडं बघंल, मामानं माझ्या हातातनं काढून घेतलं म्हणून. उतरवलेला माणूस परत चढतोय, वैजू. भ्यालेला माणूस आपणहून उतरतोय. मला वाटलं, दोन दिवसांत भिईल. मी भ्यालो असतो."

"तो न्हाई भीत! तो का न्हाई भीत ते कळत न्हाई तुला? गाडी तू बांधल्यास म्हणून भीत न्हाई तो!"

मामा माझ्याकडं बघत राहिला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं.

तेवढ्यात तंबूत इंजिन सुरू झालं; इंद्रजित घाईघाईनं जेवून परतला होता.

आम्ही पळत पुढं आलो तोवर इंद्रजित पट्टीकडं निघालासुद्धा होता. जाता जाता त्यानं डँपरच्या दांड्यावर बोट आपटून मला दाखवलं आणि हसला. आवळला होता त्यानं. आणि हँडलचा नट मामानं ढिला करून तसाच सोडला होता.

"जित्या!" मामा ओरडला. इंजिनच्या आवाजात त्याचा आवाज त्यालाही ऐकू आला नसेल. तो पट्टीच्या कडेनं पळत सुटला, दोन्ही हात हलवत, पायातली चप्पल कुठं गेली त्याचं भान नाही. लोक हसत होते.

पलीकडच्या टोकाला गाडी वळली आणि आमच्याकडं निघाली. इतकी सरळ ती तीन दिवसांत एकदाही आली नव्हती. झुलत नव्हती, थरथरत नव्हती. इंद्रजित टाकीवर आडवा झाला होता आणि वेग वाढतच होता. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तोंडावर हात दाबून धरला होता. आमच्यासमोरून तो सणकन गेला, आणि पट्टीच्या शेवटी त्यानं ब्रेक मारला.

हँडल एका बाजूच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आपटायला लागलं. एक हात सुटला. गाडी पट्टी सोडून गवतात घुसली, उडाली, परत चाकांवर पडली, धुळीत दिसेनाशी झाली. आम्ही पोचलो तेव्हा गाडी आडवी पडली होती आणि इंद्रजित तिच्या शेजारी बसून हातमोजे काढत होता. हनुवटी फुटली होती. चेहरा पांढराफटक. मामा त्याच्यासमोर बसला.

"हँडलचा नट सुटला वाटतं," इंद्रजित म्हणाला. "आवळ, मामा. उद्यापर्यंत होईल न्हवं?"

मामानं तिथंच, त्या गवतात, त्याला सगळं सांगितलं. हवा मी सोडली, चाक मी तिरकं केलं, नट मी ढिला केला. ओवाळणीचं तेवढं सांगितलं नाही. इंद्रजितनं ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडं वळला. त्याच्या डोळ्यांत मी कधी न बघितलेलं काहीतरी होतं.

"ताई, तुझ्या चुका मामानं अंगावर घ्यायच्या? लाज वाटत न्हाई?"

मी आडवी पडलेली गाडी उचलायला लागले. खरं सांगणाऱ्या माणसावरच त्याचा विश्वास बसत नव्हता, कारण त्याच माणसावर त्याचा सगळ्यात जास्त विश्वास होता.

रविवारी पहाटेपासून मी गाडी घेऊन बसले. वाकलेला ब्रेकचा दांडा बदलला, प्रत्येक नट आवळला, दोरी लावली, डँपर सैल केला, प्रत्येक नटावर नवी लाल रेघ ओढली. मामाला मी गाडीच्या जवळ येऊ दिलं नाही. तो दुरून बघत होता, आणि मी करत होते त्यात त्याला एकही चूक सापडत नव्हती हे मला माहीत होतं. गाडी इतकी चोख कधीच नव्हती.

गाड्या ओळीत लागल्या. शेजारी इचलकरंजीचे, पुण्याचे, बेळगावचे, सगळे ओळखीचे. यातल्या निम्म्यांची इंजिनं कधी ना कधी मामाकडं जाऊन आलेली. इंद्रजित हनुवटीला पट्टी लावून बसला होता. त्यानं मामाला हाक मारली.

"हात फिरव की. कशी आहे गाडी?"

मामा पुढं आला. वाकून त्यानं हँडलच्या बुडाशी बोट लावलं, मागच्या फाट्याला लावलं, साखळी दाबून बघितली. मग उभा राहिला. त्याला "चल" म्हणायचं होतं. त्याचे ओठसुद्धा तसे झाले. मी त्याच्यासमोरच होते.

"न्हाई," मामा म्हणाला.

"काय न्हाई?"

"मला कळंना झालंय, जित्या." आवाज मोठा होता. आजूबाजूच्यांनी माना वळवल्या. "बोटं बधिर पडत्यात माझी. लय दिवस झालं. नट आवळला का सैल राहिला, हाताला समजत न्हाई. तीन दिवस जे झालं ते त्यानंच झालं. लाजंनं बोललो न्हाई. आता माझ्या हाताचा भरवसा न्हाई. मी बांधलेल्या गाडीवर बसू नको. कुणीच बसू नका."

शेजारच्या गाडीवाल्यानं इंजिन बंद केलं. मामानं आपले दोन्ही हात पुढं धरले होते, आणि ते थरथरत होते.

इंद्रजित गाडीवरून उतरला. हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं, मामाचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि म्हणाला, "आधी का न्हाई सांगितलंस रं, मामा?" आणि सगळ्यांसमोर रडायला लागला.

मी सांगू शकले असते. गाडीचा एकेक नट मी बघितला होता, मामाच्या बोटांना केसाएवढा फरक कळतो हे मला ठाऊक होतं. मी हेल्मेट पोटाशी धरून गप्प उभी राहिले. आजही तशीच उभी राहिले असते.

इंद्रजित पुन्हा कधी शर्यतीच्या गाडीवर बसला नाही. कुणाकुणाच्या संघाची बोलावणी आली. तो म्हणायचा, मामानं "चल" म्हटल्याशिवाय मला गिअरच टाकता येत न्हाई. त्यानं मार्केट यार्डाजवळ पाइप-फिटिंगचं दुकान काढलं, लग्न केलं, पोट सुटलं. मामाकडं मात्र त्या रविवारनंतर कुणी गाडी आणेना. बातमी आमच्याआधीच कोल्हापुरात पोचली होती. जन्मभर कमावलेलं नाव त्यानं एका वाक्यात मातीत घातलं. गॅरेज मी चालवू लागले आणि तो स्टुलावर बसून बघू लागला. कुणी आलं की हात मांडीखाली घालायचा.

एकदा मी आईला सगळं सांगितलं. रागानंच सांगितलं. तू काय मागितलंस आणि त्यानं काय दिलं ते बघ, म्हटलं. आई तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. "माझं पोरगं दारातनं चालत येतंय, वैजू," ती म्हणाली. "मला दुसरं काही सांगू नको."

बऱ्याच वर्षांनंतरची एक भाऊबीज आठवते. मामा सत्तरीला आलेला. आईनं ओवाळलं, फराळाचं ताट ठेवलं आणि म्हणाली, हिंदू, माझ्या चष्म्याची काडी निखळल्या बघ. स्क्रू तिळाएवढा. मामानं तो नखावर घेतला, उजेडाकडं धरला, आणि शिवणाच्या सुईनं एका झटक्यात बसवला. हात दगडासारखा स्थिर. मी दारात उभी राहून बघत होते. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि दोघंही हसलो.

बाहेर अंगणात इंद्रजितचा आवाज आला. मामानं चष्मा खाली ठेवला. इंद्रजित आत येईपर्यंत त्याची बोटं थरथरायला लागली होती. चहा आला. कप उचलताना तो सांडला, धोतरावर डाग पडला.

"थांब, मामा," इंद्रजित म्हणाला. त्यानं कप काढून घेतला, बशीत चहा ओतला, फुंकर घालून निववला आणि बशी मामाच्या ओठांशी धरली. मामानं हात मांडीखाली घातले आणि त्याच्या हातून चहा प्याला.